पीटर फाल्क : चुरगळलेल्या रेनकोटामागचा नट

अमेरिकी दूरचित्रवाणीच्या इतिहासात एकाच व्यक्तिरेखेशी पस्तीस वर्षे नाते टिकवणारे नट मोजकेच आहेत. पीटर फाल्क हे त्यांतील ठळक नाव. १९६८ ते २००३ या काळात लॉस एंजेलिस पोलिस दलातील लेफ्टनंट कोलंबो ही भूमिका त्यांनी ६९ भागांत साकारली. मराठी वाचकाला कोलंबो म्हटले की श्रीलंकेतील शहर आठवते. अमेरिका आणि युरोपातील प्रेक्षकांच्या दोन-तीन पिढ्यांना मात्र या नावाबरोबर एक चुरगळलेला रेनकोट, अर्धवट विझलेली सिगार आणि किंचित तिरपी नजर आठवते. रेनकोट फाल्क यांनी स्वतः विकत घेतलेला होता. नजरेचे कारण त्यांच्या बालपणात होते.

फाल्क यांचा जन्म १६ सप्टेंबर १९२७ रोजी न्यूयॉर्क शहरात पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू वंशाच्या कुटुंबात झाला. न्यूयॉर्कच्या उत्तरेला हडसन नदीकाठी वसलेल्या ऑसिनिंग या गावी ते वाढले. वडिलांचे कपड्यांचे दुकान होते, आई हिशेबनीस होती. पीटर तीन वर्षांचे असताना रेटिनोब्लास्टोमा या नेत्रपटलाच्या कर्करोगामुळे त्यांचा उजवा डोळा शस्त्रक्रियेने काढावा लागला. तेव्हापासून अखेरपर्यंत त्या जागी कृत्रिम डोळा होता. अशा मुलाला घरचे जपून ठेवतात, मैदानापासून दूर ठेवतात. पीटर मात्र शाळेच्या बेसबॉल आणि बास्केटबॉल संघांतून खेळले. एका सामन्यात पंचाने त्यांना तिसऱ्या बेसवर बाद ठरवले. आपण बाद नाही याची त्यांना खात्री होती. त्यांनी कृत्रिम डोळा काढून पंचापुढे धरला आणि याचा उपयोग होतो का पाहा, असे सुचवले. हा किस्सा ते आयुष्यभर सांगत आले. विनोदी म्हणून तो प्रसिद्ध आहे, पण त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. आपल्या उणिवेकडे इतरांनी बोट दाखवण्यापूर्वी तिचे हत्यार करायचे, हे त्यांनी शाळकरी वयातच शिकून घेतले होते. पुढे कोलंबोचे सारे तंत्र याच पायावर उभे राहिले.

शालेय शिक्षण संपले तेव्हा दुसरे महायुद्ध शेवटच्या टप्प्यात होते. एका डोळ्यामुळे सैन्यात प्रवेश मिळणे शक्य नव्हते. त्यांनी व्यापारी जहाजांवर स्वयंपाकी म्हणून नोकरी पत्करली. त्यानंतर शिक्षणाचा प्रवास फारच वेडावाकडा झाला. एक महाविद्यालय सोडले, दुसरे धरले, मध्येच काही महिने युगोस्लाव्हियात जाऊन रेल्वेमार्ग बांधणीचे काम केले. अखेर १९५१ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘न्यू स्कूल फॉर सोशल रिसर्च’मधून साहित्य आणि राज्यशास्त्र या विषयांत पदवी घेतली व १९५३ मध्ये सिराक्यूज विद्यापीठातून लोकप्रशासनाची पदव्युत्तर पदवी मिळवली. मग ‘सीआयए’त नोकरीसाठी अर्ज केला. जहाजावर असताना ते ज्या कामगार संघटनेचे सदस्य होते ती डाव्या विचारांची मानली जात असे. शीतयुद्धाच्या त्या दिवसांत एवढे कारण पुरेसे होते. अर्ज नाकारला गेला. पडद्यावर जगातील सर्वांत लोकप्रिय तपास अधिकाऱ्यांपैकी एक ठरलेल्या माणसाला खऱ्या तपास यंत्रणेने दारातूनच परत पाठवले होते.

शेवटी कनेक्टिकट राज्याच्या अर्थसंकल्प विभागात, हार्टफर्ड येथे, त्यांना कार्यक्षमता विश्लेषकाची सरकारी नोकरी मिळाली. कार्यालयांचे काम किती वेळात आणि किती खर्चात होते हे तपासणे, असे त्या कामाचे स्वरूप. कामाच्या पहिल्याच दिवशी आपल्याला स्वतःचे कार्यालय सापडेना, असे फाल्क पुढे हसत सांगत. संध्याकाळी ते ‘मार्क ट्वेन मास्कर्स’ या स्थानिक हौशी नाट्यसंस्थेत काम करू लागले. दरम्यान, ख्यातनाम अभिनेत्री एव्हा ले गॅलियन या वेस्टपोर्ट येथे व्यावसायिक नटांसाठी अभिनयाचे वर्ग घेत असल्याचे त्यांना समजले. आपण व्यावसायिक नट आहोत, असे खोटेच सांगून त्यांनी प्रवेश मिळवला. दर आठवड्याला हार्टफर्डहून मोटारीने जायचे असल्याने त्यांना वर्गाला हटकून उशीर होई. एके दिवशी बाईंनी कारण विचारले. हार्टफर्डहून येतो, म्हटल्यावर तिथे नटाला कसले काम मिळते, हा पुढचा प्रश्न आला आणि फाल्क यांना खरे सांगावे लागले. आपण व्यावसायिक नट नाही, ही त्यांची कबुली. मग व्हायला हवे, हे बाईंचे उत्तर. त्या एका वाक्यावर विसंबून त्यांनी सरकारी नोकरीचा राजीनामा दिला. वर्ष होते १९५६ आणि त्यांचे वय २९ च्या उंबरठ्यावर. पदव्युत्तर पदवी, कायम नोकरी आणि एकच डोळा असलेल्या माणसाने या वयात न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर नशीब काढायला निघणे, हे शहाण्यासुरत्या सल्ल्यात बसणारे नव्हते.

न्यूयॉर्कमधील पहिले नाटक मोलिएरचे ‘डॉन ज्युआन’. ते एका प्रयोगातच बंद पडले. मात्र त्याच वर्षी युजीन ओनील यांच्या ‘द आइसमन कमेथ’च्या गाजलेल्या पुनरुज्जीवित प्रयोगात जेसन रोबार्ड्स यांच्यासोबत त्यांना दारूच्या गुत्त्यातील नोकराची भूमिका मिळाली आणि जम बसू लागला. चित्रपटांचा मार्ग तितका सोपा नव्हता. कोलंबिया पिक्चर्सचे सर्वेसर्वा हॅरी कोन यांनी त्यांची चाचणी घेतली आणि तेवढ्याच पैशांत आपल्याला दोन डोळ्यांचा नट मिळू शकतो, असे सांगून त्यांना नाकारले. हॉलिवूडमधील उद्दामपणाचा नमुना म्हणून हा किस्सा आजही सांगितला जातो. कोन १९५८ मध्ये वारले, त्यामुळे पुढचा भाग त्यांना पाहता आला नाही. १९६० च्या ‘मर्डर, इन्कॉर्पोरेटेड’ या चित्रपटात फाल्क यांनी एब रिलेस या भाडोत्री मारेकऱ्याची भूमिका केली आणि सहायक अभिनेत्याच्या ऑस्करसाठी त्यांना नामांकन मिळाले. पुढच्याच वर्षी फ्रँक काप्रा यांच्या ‘पॉकेटफुल ऑफ मिरॅकल्स’साठी दुसरे नामांकन आले. काप्रा यांचा तो अखेरचा कथापट. दोन्ही वेळा ऑस्करने हुलकावणी दिली, पण एकाच वर्षी ऑस्कर आणि एमी या दोन्हींसाठी नामांकन मिळवणारे पहिले नट हा मान फाल्क यांच्या नावावर जमा झाला. १९६२ मध्ये ‘द प्राइस ऑफ टोमॅटोज’ या दूरचित्रवाणी नाट्यातील मालमोटार चालकाच्या भूमिकेसाठी त्यांना पहिली एमी मिळाली. १९६५ मध्ये ‘द ट्रायल्स ऑफ ओब्रायन’ या मालिकेत त्यांनी गबाळ्या वकिलाची मुख्य भूमिका केली. फाल्क यांना स्वतःला ती फार प्रिय होती. प्रेक्षकांना मात्र ती रुचली नाही आणि २२ भागांतच मालिका आटोपली.

कोलंबोचा जन्म

कोलंबो ही व्यक्तिरेखा फाल्क यांच्यासाठी लिहिलेली नव्हती, हे अनेकांना ठाऊक नसते. रिचर्ड लेव्हिन्सन आणि विल्यम लिंक या शाळेपासूनच्या मित्रांनी ती निर्माण केली. दस्तयेव्हस्कीच्या ‘गुन्हा आणि शिक्षा’ या कादंबरीतील पोर्फिरी पेत्रोविच हा तपास अधिकारी त्यांच्या डोळ्यांपुढे होता. १९६० मध्ये बर्ट फ्रीड या नटाने दूरचित्रवाणीवरील एका नाट्यात कोलंबो प्रथम उभा केला. १९६२ मध्ये ‘प्रिस्क्रिप्शन : मर्डर’ या नाटकात वृद्ध अभिनेते थॉमस मिचेल यांनी ती भूमिका केली. १९६८ मध्ये एनबीसी वाहिनीसाठी याच नाटकाचा दूरचित्रपट करायचे ठरले तेव्हा लेखकांच्या मनात वयस्क नट होते. प्रसिद्ध गायक-अभिनेते बिंग क्रॉस्बी यांना विचारणा झाली, त्यांनी नकार दिला. ली जे. कॉब उपलब्ध नव्हते. चाळिशीतील फाल्क यांनी स्वतःहून या भूमिकेचा आग्रह धरला. दूरचित्रपट यशस्वी झाला, १९७१ मध्ये दुसरा आला आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरपासून नियमित मालिका सुरू झाली. तिचा पहिला भाग ‘मर्डर बाय द बुक’ दिग्दर्शित केला होता स्टीव्हन स्पीलबर्ग या विशीतील तरुणाने.

मालिकेची रचना रहस्यकथेच्या रूढ वाटेने जाणारी नव्हती. खून कोणी केला, हे प्रेक्षकाला प्रारंभीच दाखवले जाई. उत्कंठा असे ती खुनी कसा पकडला जातो याची. नायकाचे आगमन कधी कधी वीस-पंचवीस मिनिटांनी होई. दूरचित्रवाणीच्या धंद्यात हा मोठाच जुगार होता. त्याहून महत्त्वाचे म्हणजे खुनी कोण असत. शल्यविशारद, वास्तुरचनाकार, वाद्यवृंदाचा संचालक, लोकप्रिय लेखक, मद्यनिर्मितीतील जाणकार, अशी लॉस एंजेलिसच्या टेकड्यांवरील प्रासादतुल्य घरांत राहणारी यशस्वी, सुसंस्कृत आणि स्वतःच्या बुद्धीविषयी निःशंक असलेली मंडळी. त्यांच्या दारात जुनाट मोटारीतून एक बुटका, विस्कटलेल्या केसांचा पोलिस उतरे, पेन्सिल मागे, सिगारची राख कुठे झाडावी हे न कळून गोंधळे, आपल्या बायकोच्या आवडीनिवडी सांगत बसे. समोरचा त्याला मूर्ख समजे आणि तिथेच फसे. वर्गभेदावर एकही भाषण न देता वर्गभेदाविषयी इतके बोलणारी दुसरी लोकप्रिय मालिका शोधावी लागेल.

या सजावटीतील बहुतेक महत्त्वाच्या वस्तू फाल्क यांनी आणल्या. रेनकोट त्यांनी १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या ५७ व्या रस्त्यावर अचानक आलेल्या पावसात घेतलेला होता. वेशभूषाकारांनी दिलेले कपडे त्यांना पटले नाहीत, म्हणून घरातील कपाटातून तो बाहेर निघाला. मोटारही त्यांनीच निवडली. युनिव्हर्सल स्टुडिओच्या आवारात एका कोपऱ्यात पडलेली प्यूजो ४०३ ही फ्रेंच बनावटीची, उघड्या टपाची गाडी त्यांना दिसली आणि कोलंबोची म्हणून तीच कायम झाली. जाता जाता दारातून परत फिरून ‘आणखी एकच गोष्ट’ म्हणण्याची सवय मात्र लेखकांची. तिचा उगमही गमतीचा आहे. नाटक लिहिताना एक प्रवेश अपुरा राहिला होता आणि कोलंबो रंगमंचावरून निघूनही गेला होता. पाने पुन्हा टंकलिखित करण्याचा कंटाळा आल्याने लेखकांनी त्याला दारातूनच परत आणले. आळसातून जन्मलेल्या या युक्तीने पुढे कितीतरी श्रीमंत खुन्यांची झोप उडवली.

कोलंबोची पत्नी कधीच पडद्यावर आली नाही. १९७९ मध्ये एनबीसीने तिच्यावर स्वतंत्र मालिका काढली. मूळ लेखकांचा आणि फाल्क यांचाही त्याला विरोध होता. ती मालिका फार काळ चालली नाही, हे योग्यच झाले. कोलंबोच्या बोलण्यातून तयार झालेली ती बाई खरोखर आहे की नाही, ही शंका मालिकेच्या गोडीचाच भाग होती.

चित्रीकरणाच्या वेळी फाल्क सहज राजी होणारे नट नव्हते. एकेक दृश्य पुन्हा पुन्हा करणे, पटकथेतील त्रुटींवर तासन्‌तास वाद घालणे, यामुळे वेळापत्रक आणि अंदाजपत्रक दोन्ही कोलमडे. युनिव्हर्सलशी त्यांचे मानधनावरून आणि कामाच्या अटींवरून अनेकदा खटके उडाले. दिग्दर्शनाची संधी मिळावी म्हणून त्यांनी हट्ट धरला आणि १९७२ मधील ‘ब्लूप्रिंट फॉर मर्डर’ हा बांधकामाच्या जागेवर घडणारा भाग स्वतः दिग्दर्शित केला. एनबीसीवर १९७८ पर्यंत जेमतेम ४५ भाग झाले, यामागे हा काटेकोरपणाही होता. १९८९ मध्ये एबीसी वाहिनीने कोलंबोला परत आणले, जानेवारी २००३ पर्यंत आणखी २४ भाग झाले. या नंतरच्या भागांत पूर्वीची धार राहिली नव्हती, असे म्हणावे लागते. गोंधळलेपणाचे नाटक अनेकदा ठळक झाले आणि त्याच्या आडचे तीक्ष्ण मन झाकोळले. तरीही १९९० मध्ये त्यांना या भूमिकेची चौथी एमी मिळाली. त्यापूर्वी १९७२, १९७५ आणि १९७६ मध्ये ती मिळालेली होती. कोलंबोला एकच डोळा आहे काय, याविषयी मालिका जवळजवळ तीन दशके मौन बाळगून होती. १९९७ च्या एका भागात एका सहकाऱ्याला सोबत घेताना दोघांचे मिळून तीन डोळे होतील, अशा अर्थाचे वाक्य तो टाकतो आणि पुढे चालू लागतो.

मित्र कासाव्हेटिस

फाल्क केवळ कोलंबोपुरते होते, असे मानणाऱ्यांनी जॉन कासाव्हेटिस यांचे चित्रपट आवर्जून पाहावेत. हॉलिवूडच्या बाहेर राहून, घर गहाण टाकून, मित्रांना घेऊन चित्रपट काढणारा हा दिग्दर्शक आणि फाल्क यांची मैत्री ‘हजबंड्स’पासून, म्हणजे १९७० पासून, दृढ झाली. या चित्रपटांना ठरावीक कथानक नसे, संवाद अडखळत, एकमेकांवर आदळत येत. फाल्क यांना ही पद्धत सुरुवातीस अगदी जड गेली आणि दिग्दर्शकाशी त्यांची भांडणेही झाली. पण १९७४ च्या ‘अ वुमन अंडर द इन्फ्लुअन्स’साठी पैसे उभे राहीनात तेव्हा कोलंबोच्या कमाईतून पाच लाख डॉलर त्यांनीच घातले. या चित्रपटात ते निक लाँगेटी या बांधकाम मुकादमाच्या भूमिकेत आहेत. पत्नीचा मानसिक तोल ढळतो आहे. तिच्यावर त्याचे प्रेम आहे आणि ते कसे वागवावे हे त्याला कळत नाही. तो ओरडतो, हात उगारतो, घरात माणसांची गर्दी जमवतो, पुन्हा तिला जवळ घेतो. जीना रोलंड्स यांना पत्नीच्या भूमिकेसाठी आणि कासाव्हेटिस यांना दिग्दर्शनासाठी ऑस्करची नामांकने मिळाली. फाल्क यांना मिळाले नाही. वास्तविक निकचा आंधळा धाक आणि हतबलता नसती तर रोलंड्स यांच्या अभिनयाला आदळण्यासाठी भिंतच उरली नसती. फाल्क यांचे सर्वश्रेष्ठ काम कोणते, या प्रश्नाला कोलंबोऐवजी हे उत्तर देणेच न्यायाचे होईल. इलेन मे यांच्या ‘मायकी अँड निकी’मध्ये (१९७६) ते आणि कासाव्हेटिस बालमित्र म्हणून समोरासमोर आले. एका रात्रीत घडणारी ही विश्वासघाताची कथा त्या वेळी फारशी चालली नाही, पण आता तिला मानाचे स्थान आहे.

याखेरीज नील सायमन यांचे ‘द प्रिझनर ऑफ सेकंड अव्हेन्यू’ हे ब्रॉडवेवरील यशस्वी नाटक (१९७१), ‘मर्डर बाय डेथ’ (१९७६), अॅलन आर्किन यांच्याबरोबरचा ‘द इन-लॉज’ (१९७९) हा धमाल विनोदी चित्रपट, असे त्यांचे काम चालूच होते. १९८७ या एकाच वर्षात दोन अगदी भिन्न चित्रपट आले. रॉब रायनर यांच्या ‘द प्रिन्सेस ब्राइड’मध्ये ते आजारी नातवाला गोष्ट वाचून दाखवणारे आजोबा झाले. त्यानंतर जन्मलेल्या मुलांना फाल्क ठाऊक आहेत ते बहुधा या आजोबांच्या रूपात. दुसरा चित्रपट विम वेंडर्स यांचा ‘विंग्ज ऑफ डिझायर’. त्यात ते चित्रीकरणासाठी बर्लिनला आलेला नट पीटर फाल्क म्हणूनच वावरतात. रस्त्यावरची मुले त्यांना कोलंबो म्हणून ओळखतात. पुढे कळते की हा माणूस पूर्वी देवदूत होता आणि माणसांच्या साध्या सुखांसाठी त्याने अमरत्व सोडले आहे. कॉफीच्या टपरीवर उभे राहून, न दिसणाऱ्या देवदूताला ते थंडीत हात चोळण्याची आणि कागदावर रेघ ओढण्याची मजा सांगतात. रेखाटनाची आवड त्यांची खरीच होती. न्यूयॉर्कच्या ‘आर्ट स्टुडंट्स लीग’मध्ये ते शिकले आणि कोळशाने व्यक्तिचित्रे काढण्याचा छंद त्यांनी अनेक वर्षे जोपासला. वेंडर्स यांनी तो तसाच चित्रपटात घेतला.

अखेरची वर्षे

फाल्क यांचा पहिला विवाह १९६० मध्ये झाला. या दांपत्याने दोन मुली दत्तक घेतल्या. १९७६ मध्ये घटस्फोट झाला आणि पुढच्या वर्षी त्यांनी अभिनेत्री शेरा डनीस यांच्याशी विवाह केला. कोलंबोच्या काही भागांत त्याही झळकल्या आहेत. २००६ मध्ये फाल्क यांचे ‘जस्ट वन मोअर थिंग’ हे आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध झाले. क्रमवार चरित्राऐवजी सुट्या किश्श्यांचे असे त्याचे स्वरूप आहे आणि त्यांच्या बोलण्याची लकब त्यात उतरली आहे.

पुस्तक येऊन दोन वर्षे होत नाहीत तोच बेव्हर्ली हिल्सच्या रस्त्यावर भांबावलेल्या अवस्थेतील त्यांची छायाचित्रे प्रसिद्ध झाली. एका आजारी वृद्धाची अशी छायाचित्रे विकली आणि छापली जावीत, हे त्या धंद्याला शोभणारेच होते. फाल्क यांना स्मृतिभ्रंश झाला होता. डिसेंबर २००८ मध्ये त्यांच्या एका कन्येने त्यांच्या पालकत्वासाठी न्यायालयात अर्ज केला. वडिलांना भेटू दिले जात नाही, अशी तिची तक्रार होती. पत्नीच्या बाजूने त्याला विरोध झाला. २००९ मधील सुनावणीत डॉक्टरांनी साक्ष दिली की, २००७ मध्ये दातांवर झालेल्या शस्त्रक्रियांनंतर त्यांची प्रकृती झपाट्याने ढासळली आणि आपण साकारलेला कोलंबोही त्यांना आता आठवत नाही. न्यायालयाने पत्नीची पालक म्हणून नियुक्ती केली आणि कन्येच्या भेटींची व्यवस्था लावून दिली. २३ जून २०११ रोजी बेव्हर्ली हिल्स येथील राहत्या घरी वयाच्या ८३ व्या वर्षी फाल्क यांचे निधन झाले.

प्रकरण तिथे थांबले नाही. पालकत्वाखालील वृद्धांना मुलांना भेटता यावे, प्रकृतीची आणि निधनाची वार्ता मुलांना कळवली जावी, यासाठी त्या कन्येने राज्याराज्यांत प्रयत्न केले. न्यूयॉर्कमध्ये २०१६ साली असा कायदा झाला. तो ‘पीटर फाल्क कायदा’ म्हणूनच ओळखला जातो. इतर अनेक राज्यांनीही त्या धर्तीवर तरतुदी केल्या. ज्या घरांत कोलंबोचे नावही कोणी ऐकलेले नाही, तेथेही त्यामुळे आजारी आईवडिलांच्या भेटीचा हक्क मागता येतो.

मालिकेचे चाहते अजून आहेत आणि नवे होत आहेत. २०२३ मध्ये आलेली ‘पोकर फेस’ ही मालिका कोलंबोच्याच धाटणीवर, खुनी आधी दाखवून, रचलेली आहे. अमेरिकेबाहेर तर हे प्रेम कधी कधी विलक्षण रूप घेई. रुमानियात साम्यवादी राजवट असताना कोलंबोचे भाग संपले आणि सरकारनेच ते रोखले असा लोकांचा समज झाला. तेव्हा आणखी भाग चित्रित झालेलेच नाहीत, हे रुमानियन भाषेत सांगणारी ध्वनिचित्रफीत आपल्याकडून करवून घेण्यात आली, असे फाल्क सांगत. हंगेरीच्या राजधानीत, बुडापेस्टमध्ये, २०१४ मध्ये कोलंबोचा ब्राँझचा पुतळा उभारण्यात आला. रस्त्याचे नाव फाल्क मिक्शा मार्ग. एकोणिसाव्या शतकातील या हंगेरियन लेखक-राजकारण्याशी पीटर फाल्क यांचे नाते होते असे तेथे हौसेने सांगितले जाते, पण त्याला पुरावा मिळालेला नाही. पुतळ्याच्या अंगावर तोच रेनकोट आहे, एक हात डोक्याशी नेलेला आहे आणि पुढ्यात लांब कानांचा, मालिकेत कधीच नाव न मिळालेला, बॅसेट जातीचा कुत्रा मान वर करून बसला आहे.